आजीला रविवारची मनाई

गादीवाल्याला किळस कशाला म्हणतात ते ठाऊकच नाही, असं त्याची बायको सांगे. धंदाच तसा होता. लोकांच्या दिवाणखान्यातले सोफे त्याच्या दुकानात येत, तो जुनं कापड टराटरा फाडी आणि आतून काय वाट्टेल ते निघे: नखं, केसांचे गुंते, चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, एकदा तर वाळून कडक झालेला उंदीर. हे सगळं तो उघड्या हातानं काढी, हात साबणानं धुई आणि खुशाल जेवायला बसे. त्याला शिसारी यायची ती गिऱ्हाइकांची. "आतलं राहू द्या हो, वरचं कापड तेवढं नवं घाला," असं कुणी म्हणालं, की तो उंदीर त्या माणसानंच आत ठेवला असावा अशा नजरेनं गादीवाला त्याच्याकडे बघे.

चर्चमध्येही त्याला तीच माणसं भेटत. चर्चची स्वतःची शाळा होती आणि तिथं प्रवेश हवा तर कुटुंब नेमानं उपासनेला येणारं लागे. मग काय, पोरं शाळेच्या वयाला आली की आईबाप कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत. पहिलं बाक धरत, बेंबीच्या देठापासून गाणी गात, पाळकसाहेबांच्या मागंपुढं करत. प्रवेश झाला की पुढच्या रविवारी बाक रिकामं. गादीवाला मागं बसून हे बघायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "देवाला काय डोळे नाहीत वाटतं यांच्या मते? थू!" आता तो स्वतः तरी कुठे दर रविवारी जात होता? काम तुंबलं की तो दुकानातच असे. घरची प्रार्थना म्हणजे जेवणाआधी डोळे मिटून दोन शब्द, पोटात कावळे ओरडत असले तर एकच. पण हे तो कुणापासून लपवत नव्हता, आणि त्याचा त्याला जरासा तोराही होता.

मग त्याची स्वतःची पोरगी शाळेच्या वयाची झाली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचे पाय आणि तोंड दोन्ही एका जागी ठरत नसत.

सरकारी शाळा दुकानाच्या मागच्याच गल्लीत होती. गादीवाला तिथंच शिकलेला. तो बायकोला घेऊन शाळा बघायला गेला, तर संडासाचा वास फाटकापर्यंत सामोरा आला. नळ गळत होता, वर्गात पोरं कोंबली होती, आणि व्हरांड्यात एक पोरगा दुसऱ्याला आईवरून शिवी हासडत होता. बायकोनं नाकाला रुमाल लावला तो घर येईपर्यंत काढला नाही.

"इथं घालायचं पोरीला? देवाचं नाव तरी पडेल का तिच्या कानावर?"

"मी शिकलो की इथंच."

"म्हणूनच म्हणतेय."



त्याच सुमारास त्याची आई थोरल्या भावाच्या गावाहून त्याच्याकडे राहायला आली. गुडघे सुजलेले, त्यामुळे खाटेवरूनच सगळा कारभार. म्हातारीची प्रार्थना मात्र कधी थांबत नसे. भाजी निवडताना, केस विंचरताना तिचे ओठ हलत. ज्या थोरल्या सुनेनं तिला टोचून टोचून घराबाहेर काढलं, तिच्यासाठीसुद्धा ती रोज काहीतरी मागे. भिंगरी तिच्या मांडीवर बसून ते पुटपुटणं ऐके. "गुडघा जरा वाकू लागला ना, की मला रविवारी चर्चला ने रे," म्हातारी मुलाला म्हणे. "इथं कसं गातात ते तरी बघते."

चर्चच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तशी बायकोनं पोरीची तयारी सुरू केली.

"पाळकसाहेबांनी विचारलं की सांगायचं, पप्पा रोज संध्याकाळी बायबल वाचून दाखवतात, मग आम्ही सगळे गुडघ्यावर बसतो."

"पण पप्पा तर वाचत नाहीत."

"वाचणार आहेत."

भिंगरीनं बापाकडे बघितलं. गादीवाला चहात बिस्किट बुडवत होता. त्यानं ते इतका वेळ धरून ठेवलं की तुटून तळाला गेलं.

मुलाखत पाळकसाहेबांच्या खोलीत झाली. शाळेच्या मुख्याध्यापिकाही होत्या. भिंगरी आईबापांच्या मध्ये बसली आणि शिकवलेलं सगळं घडाघडा बोलली.

"शाब्बास," पाळकसाहेब म्हणाले. "आणि प्रार्थनेत काय मागता गं बाळा?"

हे काही कुणी शिकवलं नव्हतं. पण भिंगरी अडली नाही. "आजीसाठी मागतो. माझी आजी देवाघरी गेली ना. पप्पा रोज तिच्यासाठी रडतात."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. पाळकसाहेब उठून आले आणि त्यांनी गादीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आईची जागा कुणी भरून काढू शकत नाही हो."

आणि गादीवाल्यानं मान डोलावली.

जन्मभर दुसऱ्यांना नावं ठेवली आणि वेळ आली तेव्हा आपणही शेणच खाल्लं, तेही पोरीच्या हातून. बाहेर आल्यावर बायकोनं भिंगरीचा मुका घेतला.

"कुणी सांगितलं गं तुला आजीचं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. माझं मीच," भिंगरी ऐटीत म्हणाली. "छान बोलले ना?"

प्रवेश मिळाला. शनिवारी म्हातारीनं ठेवणीतले कपडे काढून खाटेवर पसरले. गुडघा वाकत होता. बायकोनं गादीवाल्याला कोपऱ्यात घेतलं.

"सासूबाईंना काही दिवस नको न्यायला. शाळा सुरू होऊ दे."

"काही दिवस म्हणजे? शाळा काय आठवड्यात संपते?"

तिनं सासूला सांगून बघितलं, "आई, तिथं पायऱ्या फार आहेत हो."

"असू देत की. बसत बसत चढेन."

तेवढ्यात भिंगरी पुढं आली. "आजी, तिथं म्हाताऱ्या माणसांना आत घेतच नाहीत. पाळकसाहेबांनीच सांगितलंय," ती म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही तिची.

"असं होय," म्हातारी म्हणाली. नातीच्या तोंडचं तिला खरंच वाटलं. तिनं कपड्यांची पुन्हा नीट घडी घातली. गादीवाल्याला त्या घडीकडे बघवेना. स्वतःची इतकी किळस त्याला कधीच आली नव्हती.

रविवारी त्यानं आईला हाताला धरून एकेक पायरी चढवली आणि पहिल्या बाकावर बसवलं. बायको आलीच नाही. म्हातारी सगळी गाणी गायली, एक सूर पुढं आणि दोन मागं. उपासना संपल्यावर तो तिला घेऊन थेट पाळकसाहेबांसमोर उभा राहिला.

"ही माझी आई. जिवंत आहे. पोरगी खोटं बोलली, आणि मी मान डोलावली."

त्याला वाटलं होतं, आता चार लोकांत चांगली खरडपट्टी निघणार. निघावी असंच त्याला वाटत होतं. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अहो, एवढं मनाला काय लावून घेता? थोडंफार सगळेच सांगतात. आम्हाला काय कळत नाही? पालकांची ओढ दिसली म्हणजे झालं. प्रवेश कायम आहे." मग म्हातारीचे हात हातात घेऊन ते मोठ्यानं म्हणाले, "काय आजी, तब्येत कशी आहे?"

सोफ्यातला तो वाळका उंदीर गादीवाल्याला पाळकसाहेबांच्या हातांपेक्षा स्वच्छ वाटला.

परतताना म्हातारीनं विचारलं, "कोण मेलं होतं रे?" त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रोज रडतोस होय माझ्यासाठी? बरं वाटलं ऐकून."

हा प्रवेश आपल्याला नको, असं त्यानं घरी सांगितलं आणि रणधुमाळी झाली. बायको म्हणाली, चालून आलेलं लाथाडलंत, आता पोरगी शिव्या शिकून आली की मला दाखवू नका. गादीवाला म्हणाला, शिव्या परवडल्या. आणि सोमवारी तो भिंगरीला घेऊन मागच्या गल्लीत गेला.

संडासाचा वास होताच. नळही तसाच गळत होता. टेबलामागच्या बाईंनी मान वर करून विचारलं, "काय गं, घरी कोण कोण असतं तुझ्या?"

भिंगरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग मान वळवून तिनं बापाचा चेहरा नीट निरखून बघितला, आणि त्याची बाही ओढून हळूच विचारलं,

"पप्पा, इथं आजी आहे सांगायचं, की नाही?"