काकडी बरी हाय

शहापूरच्या एसटी स्टँडबाहेर एक बाई काकड्या घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सापगावकडून येते, एवढंच ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने "काकडी कशी?" असं विचारलं की ती भाव सांगत नाही. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणते, "काकडी बरी हाय. तुमी कसे हाव?"

नवं गिऱ्हाईक गोंधळतं. जुनं गिऱ्हाईक "मीपण बरा" म्हणून पिशवी पुढे करतं. मगच भाव कळतो.

मागच्या वर्षी आई शहापुरात दवाखान्यात होती. मी मुरबाडहून रोज ये-जा करत होतो. आईचा ताप, आईचं जेवण, आईची झोप यांची चौकशी करणारे फोन दिवसभर चालू असायचे. एका दुपारी मी बाईला सवयीने काकडी कशी म्हणून विचारलं. तिनेही सवयीने मला विचारलं.

"बरा नाही," मी म्हणालो.

तिने तराजू खाली ठेवला. शेजारचं रिकामं पोतं झटकून पसरलं आणि म्हणाली, "बसा."

मी बसलो. तिने एक काकडी सोलली, मीठ लावून माझ्या हातात दिली.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. "काकडी कशी?"

"काकडी बरी हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून, "हे बरे नायत. जरा थांबा."

गृहस्थांनी पिशवी काखेत धरली आणि माझी काकडी खाऊन होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले.