गुलामगिरीचा गोड शेवट

शिक्षकांच्या प्रशिक्षणातून ज्ञान किती बाहेर पडतं ते देव जाणे, किस्से मात्र पोत्यानं बाहेर पडतात! मोठ्या माणसांना मुलांच्या बाकांवर बसवा, चहाला अर्धा तास उशीर करा आणि मग गंमत बघा. माझ्याकडे तर इतके किस्से साठलेत, की लग्नाकार्यात माझा नवरा मला मुद्दाम मास्तर लोकांपासून लांबच्या पंगतीत बसवतो.

त्यातले सगळ्यात जास्त किस्से एकाच विषयाचे. अमेरिकेतली गुलामगिरी जशी होती तशी मुलांना कशी शिकवायची, याचं प्रशिक्षण आम्ही शिक्षकांना एका सुट्टीत आधी रोह्याला आणि मग पेणला दिलं. आम्ही म्हणजे मी आणि नाईक सर. मी पेणच्या शाळेत इतिहास शिकवायचे. सर माझ्याहून पुष्कळ सीनियर, रिटायरमेंटला टेकलेले आणि गोष्ट सांगावी तर त्यांनीच! पण त्यांची गुलामगिरी म्हणजे पाच मिनिटं साखळ्या, पाच मिनिटं सुटका आणि उरलेला तास आनंदीआनंद.

मी म्हणायचे, "सर, मधलं सगळं कुठं गेलं?"

सर म्हणायचे, "पोरं घाबरतील, मॅडम."

पोरं कसली घाबरतायत! सर साहेबांना घाबरत होते. शिक्षण खात्यातल्या आमच्या साहेबांना प्रत्येक पाठाचा शेवट गोड लागायचा, आणि आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी सरांचं नाव वर पाठवायचं की नाही, हे त्याच साहेबांच्या हातात होतं. सरांची ती शेवटचीच संधी. सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, तर सत्काराला नेसायची साडीसुद्धा ठरवून ठेवली होती. त्यामुळे मीही सरांना फार टोचायचे नाही.

* * *

रोह्याचा पहिला दिवस. सरांनी फळ्यावर सरावाचा प्रश्न लिहिला: 'गुलामगिरीचे फायदे व तोटे लिहा.'

त्यात सरांचा काय दोष? आम्हा मास्तर मंडळींना सवयच तशी. धरणाचे फायदे-तोटे, टीव्हीचे फायदे-तोटे, उद्या प्रलय आला तरी आम्ही त्याचे दोन फायदे लिहून घेऊ! सगळे माना खाली घालून लिहायला लागले. फक्त आतल्या गावातल्या एक बाई पेन हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या.

"काय झालं बाई, सुचत नाही?" सरांनी विचारलं.

"तोटे सुचले चटकन," बाई म्हणाल्या. "पन फायदे लिवायला घेतले, तर ते समदे मालकाच्याच घरात निघतात. तसेच लिवू काय?"

सरांनी डस्टर उचललं, प्रश्न पुसला आणि चहाची सुट्टी दिली. चहा अजून यायचा होता.

* * *

शिक्षकांना नाटकाची हौस फार. दुसऱ्या दिवशी एका गटानं मला न विचारताच गुलामांच्या बाजाराचं नाटक बसवलं. पुकारा करायला मोकल सर. हे मोकल सर म्हणजे त्यांच्या गावच्या गणपतीत प्रसादाच्या नारळाचा लिलाव पुकारणारे. आवाज असा, की निम्मं गाव घरात बसून बोली लावतं!

स्टुलावर गुलाम म्हणून कदम गुरुजींना उभं केलं. गुरुजी गरीब स्वभावाचे, कुणी सांगितलं की उभे राहायचे.

मोकल सर सुरू झाले, "बोला मंडळी, एक वार! दोन वार!" लोकांना चढला की हो रंग! मागून कुणीतरी ओरडलं, "दात दाखवा दात!" गुरुजींनी दात दाखवले. हशा! तिसऱ्या पुकाऱ्याला मोकल सर सवयीनं "गणपती बाप्पा" म्हणाले आणि अख्खा वर्ग "मोरया!"

हसून हसून सगळे दमले, तरी गुरुजी आपले स्टुलावरच.

मी म्हटलं, "गुरुजी, झालं नाटक. उतरा."

"मला काय इचारता मॅडम?" गुरुजी म्हणाले. "ज्यांनी घेतलाय त्यांना इचारा."

गुरुजी चेष्टा करत होते की काय, ते मला अजून कळलेलं नाही. लिलावाचं नाटक वर्गात कधीही करायचं नाही, हा नियम आम्ही तिथल्या तिथं केला. मोकल सर संध्याकाळी चेहरा पाडून विचारायला आले, "मॅडम, गावात नारळ पुकारलेला चालंल ना?"

* * *

मग पेणचा मुक्काम. मला वर्गात दाखवायला जहाजाच्या तळाशी बेड्या घालून कोंबलेल्या माणसांच्या मातीच्या मूर्ती हव्या होत्या. जवळच गणपतीच्या मूर्ती घडवणारं हमरापूर असताना दुसरीकडे कशाला जायचं? तिथल्या तात्यांच्या कारखान्यात चित्रं नेऊन दिली. तात्या म्हणाले, "झाल्या म्हनून समजा."

आणायला गेले तर काय! मूर्ती इतक्या देखण्या, की बघत राहावं. गाल गुलाबी, डोळे कमळासारखे आणि ओठांवर मंद हसू. एकाचा तर बेडीतला हात आशीर्वादाला वर!

"तात्या, हे हसतात कशाला?"

"आता काय सांगू मॅडम," तात्या डोकं खाजवत म्हणाले. "रडका डोळा आमच्याकडं कुनी मागतच नाय. हाताला सवय नाय."

साहेबांनी मूर्ती पाहिल्या आणि खूश! "वा! काय प्रसन्न वाटतं!" मी त्या गुपचूप कपाटात ठेवल्या. नाईक सर आधी पोट धरून हसले, मग एक मूर्ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, माझ्या पाठातली माणसं अशीच दिसतात काय हो?"

मला एकदम त्यांची माया आली. मी कपाटाची किल्ली त्यांच्याकडे दिली.

* * *

हा अगदी छोटा. जेवताना खाडीकडचे एक गुरुजी वालाच्या बिरड्यावर ताव मारत मला म्हणाले, "अमेरिकेचं कितीपन खरं सांगतो, मॅडम. ते लांब हाय. पन पोरं मधीच 'आनि आपल्याकडं?' म्हनून इचारतात, तवा काय करायचं तेवढं शिकवा."

मी त्यांना अजून थोडा भात वाढला. दुसरं काय करणार?

* * *

आणि हा शेवटचा. हा मी अजूनही कुणी भेटलं की सांगते.

समारोपाला नाईक सरांचा आदर्श पाठ होता. खाडीकडच्या गावांतली मुलं बोलावून पुढं बसवली होती, मागं सगळे शिक्षक आणि मधोमध साहेब. पाठ आवडला की सरांचं नाव जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी आत येता येता बजावलंच, "सर, शेवट गोड करा हं!" काकूही आल्या होत्या, त्या दाराशी खुर्चीवर.

सरांच्या घरची मोठी मिठागरं. वडील वारले, पण अजूनही त्या मुलांची निम्मी घरं सरांच्याच आगरावर मीठ ओढायला जायची. त्यामुळे मुलं एकदम चिडीचूप.

सर बोलायला लागले आणि मी ऐकतच राहिले. या वेळी त्यांनी मधलं काही गाळलं नाही. आईला एकीकडे विकलं, लेकराला दुसरीकडे, तेसुद्धा सांगितलं. साहेबांची चुळबुळ सुरू झाली. मग एकदाची सुटका झाली, साहेबांनी हुश्श केलं आणि टाळ्यांसाठी हात वर घेतले.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मंग दुसऱ्या दिवशी ते कामाला कुठं गेले?"

सरांनी साहेबांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "पुष्कळसे त्याच मालकाच्या शेतावर."

"मालक काय बोलला त्यांना?"

आता सर गोष्ट सांगणारे! कमरेवर हात, मान तिरकी, आवाज घोगरा. "काय बोलनार? 'आलात व्हय? मोकळे झालात म्हनून पोट भरलं काय रं? चला, लागा कामाला!'"

सगळी मुलं खो खो हसली. ती मुलगी तर टाळी वाजवून म्हणाली, "सर, अस्संच आमचा आजा करून दाखवतो! बोलतो, म्हातारे नाईकशेठ बांधावर उभे राहून अस्सेच बोलायचे!"

साहेब घाईघाईनं उठले. "छान, छान! बस बाळा खाली. सर, वेळ झाली!"

काकूंनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

सर खडू ठेवून त्या मुलीच्या बाकापाशी गेले. म्हणाले, "बसू नको गो बाय. परत बोल, मोठ्यानं. साहेब पार मागं हायत, त्यांना नीट ऐकू आलं नसंल."