ओळीच्या आधीची कुजबुज

मी लीड्समध्ये जुने आवाज धुण्याचं काम करते. घरी समजावून सांगताना मी हेच वाक्य वापरते, कारण त्यानंतर फारसे प्रश्न येत नाहीत. जुन्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यावर ओरखडे पडले, धूळ बसली, की ऐकताना फोडणीत मोहरी तडतडावी तसं होतं. आम्ही तो आवाज कॉम्प्युटरवर घेतो आणि तडतड काढून टाकतो. खोलीला खिडकी नाही, दिवसभर कानांवर हेडफोन असतात, कोणी फार बोलत नाही. मला ही नोकरी लागली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "तुझ्यासाठीच काढलेली जागा दिसतेय."

गेल्या वर्षी आमच्याकडे एका मलय बोलपटाची दोन रिळं आली. मलाया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता आणि पडद्यावरची माणसं नुकती कुठे बोलायला लागली होती. हा बोलपट सिंगापूरला काढलेला. दिग्दर्शक आणि आवाज घेणारा माणूस, दोघंही हिंदुस्थानातून बोलावलेले. त्यांना मलय येत नव्हती. नट तिथल्या एका फिरत्या नाटक कंपनीतले. त्यांना कॅमेरा ठाऊक नव्हता. बाकीची रिळं युद्धात गेली. जी उरली त्यांत एक राजकन्या, तिचा रागीट बाप आणि तिच्या प्रेमात पडलेला एक जाडसर मासेमार, एवढेच लोक होते. आम्ही ती स्वच्छ करायची आणि गावातल्या एका छोट्या थिएटरात इंग्रजी सबटायटल्ससह दाखवायची, असं ठरलं होतं.

भाषांतरासाठी दर गुरुवारी एक बाई बसने यायच्या. सत्तरीच्या पुढच्या. तरुणपणी मलेशियातून नर्सिंग शिकायला लीड्सला आल्या, इथल्याच हॉस्पिटलातून रिटायर झाल्या. पहिल्या दिवशी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून त्यांनी तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे आणले. बाहेर खोबरं, आत गूळ. मोदक उलटा केल्यासारखे. मी कौतुक करायला शब्द शोधत होते, तोवर त्यांनी दुसरा गोळा माझ्या हातावर ठेवला.

"मला मकचिक म्हण," त्या म्हणाल्या. "म्हणजे मावशी."

मग मी त्यांना मावशीच म्हणू लागले, आधी मनात आणि नंतर तोंडाने.

मावशी भाषांतरासाठी आल्या हे अर्धंच खरं. त्या आपल्या आईला शोधायला आल्या होत्या. त्यांची आई लग्नाआधी त्याच नाटक कंपनीत होती. पुढे मुलं झाली, कंपनी मोडली, पण ती म्हणत राहिली, "त्या पिक्चरमध्ये मी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत." मुलं विचारायची, राजकन्या का? ती म्हणायची, छे. दासी? छे. मग कोण? ती नुसती हसायची. तो बोलपट पुन्हा कुठे लागलाच नाही, त्यामुळे कोणालाच खात्री करता आली नाही. मावशी इथे नर्सिंग शिकत असतानाच आई गेली. धाकट्या भावाचं मत पक्कं होतं: आई थापा मारायची.

"तो तिकडे मलेशियात, जोहोरला असतो," मावशी म्हणाल्या. "आता दोघंच उरलोत आम्ही. आई खोटारडी होती असं ठरवून मला मरायचं नाही."

रिळं बघताना त्या खुर्ची पडद्याला लावून बसल्या. पर्समधून भिंग काढलं. राजकन्येच्या मागे पंखा हलवणाऱ्या मुली, बाजारातली गर्दी, होडीवरून उतरणारी माणसं, सगळ्यांचे चेहरे त्यांनी मला थांबवून थांबवून पाहिले. "ही नाही. हिचं नाक बघ. हीसुद्धा नाही." दुसरं रीळ संपलं तसं भिंग परत पर्समध्ये गेलं. "भावाचंच खरं," एवढंच म्हणाल्या आणि सबटायटल्सच्या कामाला लागल्या. पुढच्या गुरुवारी डबा आला नाही.

मला सांत्वन करता येत नाही. मी त्यांच्या चहात दूध जास्त घातलं, त्यांना आवडतं तसं.

कामात एक अडचण होती. काही ओळींच्या थोडं आधी एक पुसट आवाज यायचा. आमचे साहेब इथलेच, यॉर्कशरचे, अवाढव्य आणि शांत. त्यांनी ते ऐकून सांगितलं, हे टेपचं भूत आहे. मूळ आवाजपट्टी सडायला लागली तेव्हा कोणीतरी आवाज टेपवर उतरवून घेतला होता. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो, आणि मग प्रत्येक शब्दाची सावली शब्दाच्या आधी ऐकू येते. "काढून टाक," ते म्हणाले. मी काढायला लागले.

इथे मला आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगायला हवं. इथं आले त्या वर्षी गणपतीत नाटक होतं, आणि नाटक बसवणाऱ्या काकूंना एक तरुण सून हवी होती. स्टेजवर उभं राहायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, मी प्रॉम्प्टिंग करते. पण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी वाचताना मला अजून बोट फिरवावं लागतं, आणि अंधाऱ्या विंगेत बोट फिरवत प्रॉम्प्टिंग होत नाही. म्हणून मी अख्खं नाटकच पाठ केलं. त्याचा फायदा असा झाला की माझे डोळे कागदावर न राहता माणसांवर राहिले.

आमचे नायक म्हणजे हृदयाचे एक डॉक्टर. त्यांचं पाठांतर कच्चं.

"अहो, मी लोकांची हार्ट उघडतो, चार ओळींचं काय घेऊन बसलात?" ते म्हणायचे.

"हार्ट निदान समोर दिसतं," काकू म्हणायच्या. "इथे आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

डॉक्टरांमुळे मी शिकले. माणूस ओळ विसरतो त्याआधी त्याचा श्वास चुकतो. नेमकं तेव्हा पहिले दोन शब्द द्यायचे आणि गप्प बसायचं. पूर्ण ओळ दिली तर तो आणखी गोंधळतो. ज्यांचं पाठ आहे त्यांच्या वाटेला जायचं नाही, ते चिडतात. प्रयोगानंतर पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "प्रॉम्प्टरचं पाठांतर उत्तम होतं." मला लपायला जागा उरली नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू दिसणारच नाहीस? मग व्हिडिओ कशाला पाठवतेस?"

तर मी ते भूत पुसत होते. पुसताना एका ठिकाणी हात थांबला. मासेमार राजकन्येच्या बापासमोर गुडघे टेकतो, तोंड उघडतो, आणि काहीच बोलत नाही. भूत बोललं. तो गप्पच. भूत तेच पुन्हा बोललं, जरा जोरात. आणि मग एक छोटा, तुटक शब्द आला, जो नंतर त्या सिनेमात कोणीच उच्चारत नाही. त्यानंतर मासेमाराला कंठ फुटला आणि त्याने ओळ घडाघडा म्हटली.

टेपची सावली अख्ख्या ओळीची पडायला हवी. ही फक्त पहिल्या दोन शब्दांची होती. मी मागे जाऊन पुसण्याआधीचा सगळा आवाज पुन्हा ऐकला. राजकन्येच्या ओळींआधी भूत नव्हतं. तिच्या बापाच्या आधीही नव्हतं. फक्त मासेमाराच्या आधी, आणि तेही त्याचा श्वास चुकला की. त्या कंपनीत कोण विसराळू आहे, हे टेपला कसं कळणार?

मला मलयचा एक शब्द येत नाही. पण विंगेतून बोलणारं माणूस कसं बोलतं, ते मला माहीत होतं. आणि ते माणूस बाई होती.

दोन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. गप्प राहणं मला जमतं, पण यावेळी कारण वेगळं होतं. कुजबुज कोणाचीही असू शकते. मावशींनी एकदा भिंग आत ठेवलं होतं. मी त्यांना ते परत काढायला लावलं आणि हाती काही लागलं नाही तर? म्हाताऱ्या माणसाला आशा दाखवून ती काढून घेण्यापेक्षा न दाखवलेली बरी असं वाटत होतं. पण मी ते पुसून टाकलं असतं तर थिएटरात मावशींना ते कधीच ऐकू आलं नसतं. मूळ टेप कपाटात सुरक्षित राहिली असती. फक्त तिच्याजवळ कोणी कान नेला नसता.

शेवटी मी साहेबांना हेडफोन दिले. त्यांनी तो प्रसंग तीनचारदा ऐकला. चष्मा काढून पुसला.

"मी भूत म्हटलं, म्हणून मला भूत ऐकू आलं," ते म्हणाले. "तिची आई?"

"माहीत नाही."

"मग आई आहे म्हणून सांगू नकोस. नुसतं ऐकव."

गुरुवारी मी मावशींना म्हटलं की एका जागी शब्द नीट कळत नाही, जरा मदत करा. मी बाकीचे आवाज खाली केले आणि कुजबुज वर आणली. त्या सवयीने भाषांतर करू लागल्या. "'महाराज, मी...' इथे ती थांबते. मग तो म्हणतो, 'महाराज, मी गरीब आहे, पण माझी होडी...' " त्या थबकल्या. "ही कोण बोलतेय?"

"तेच विचारायचं होतं."

पुढे गुडघे टेकण्याचा प्रसंग आला. दोन शब्द, पुन्हा तेच दोन शब्द, आणि तो तुटक शब्द. मावशींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"परत."

मी परत लावलं.

"कायू," त्या म्हणाल्या. "म्हणजे लाकूड. ओंडका. घरात ज्याचं डोकं चालत नसेल त्याला आई हेच म्हणायची. मी पाढे चुकले की कायू. वडिलांना पत्त्यांचा डाव कळला नाही की कायू. ती माझ्यामागे उभी राहायची, पाढ्याचा पहिला आकडा द्यायची आणि थांबायची." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या, भिंग, चाव्या, बसचा पास सगळं टेबलावर आलं. "नायकाला शिवी दिली बाईने, आणि ती सिनेमात राहिली."

"दिग्दर्शकाला मलय येत नव्हती," मी म्हटलं. "त्याला वाटलं असेल, असंच असतं."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं की कुजबुजीवरून आवाज ओळखणं अवघड असतं, आपण खात्रीने सांगू शकत नाही. हे सांगायला हवं असं मला वाटत होतं.

"अगं, मला काय कोर्टात जायचंय?" त्या म्हणाल्या.

साहेबांच्या परवानगीने त्यांनी तो तुकडा भावाला पाठवला, सोबत एकही शब्द न लिहिता. उत्तर आलं तेव्हा आम्ही चहा पीत होतो. मावशींनी ते मला वाचून दाखवलं: "मी सोफ्यावर लोळत होतो. ऐकलं आणि ताठ बसलो."

त्यानंतर प्रश्न उरला तो थिएटरातल्या प्रतीचा. मी पहिल्यांदाच मीटिंगमध्ये न विचारता बोलले. म्हटलं, बाकीची तडतड काढू, पण कुजबुज राहू दे. साहेब म्हणाले, प्रेक्षकांना ती चूक वाटेल. मी म्हटलं, चूकच आहे. ते म्हणाले, मग तिला सबटायटल दे. त्या ओळी मावशींनी आणि मी मिळून लिहिल्या, तिरप्या अक्षरांत. पुढच्या गुरुवारी डबा पुन्हा आला.

त्याच आठवड्यात मी गणपतीतल्या नाटकाची लिंक आईला परत पाठवली. "इअरफोन लावून बघ," एवढंच लिहिलं. तिचं उत्तर आलं, "डॉक्टरांच्या आधी तू बोलतेस की गं."

खेळाच्या दिवशी थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. मलेशियातून शिकायला आलेली मुलंमुली पुढे बसली होती. मावशींसाठी मधली खुर्ची राखून ठेवली होती, पण त्यांनी ती नाकारली आणि कडेला, स्पीकरजवळची मागितली. मी त्यांच्या शेजारी. अंधार झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना बघायचंच नव्हतं.

मासेमार गुडघे टेकतो तो प्रसंग आला. त्याने तोंड उघडलं. कुजबुज दोनदा येऊन गेली. मावशींनी श्वास घेतला. इतक्या गुरुवारांनंतर त्यांना ते रीळ तोंडपाठ झालं होतं. आईच्या अर्धा श्वास आधी, विंगेतून द्यावा तसा, त्यांनी शब्द दिला:

"कायू."

मग स्पीकरमधून तोच शब्द आला, आणि पुढच्या रांगांमध्ये हशा पिकला. आमच्या समोरची मुलगी मात्र मागे वळली आणि तिने मावशींकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मावशींचे डोळे मिटलेलेच होते. मी त्या मुलीकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून, आणि मावशींना बोलू दिलं.