प्रॉव्हिडन्समधली पाटोडी

प्रवासाला निघण्याआधी मी तीन याद्या करते: बॅगेत काय, गाडीत काय आणि घरातलं काय काय बंद करायचं. गेल्या ऑक्टोबरात चौथीही केली, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची. नवऱ्याची बायपास झाल्यानंतरचा तो आमचा पहिलाच प्रवास होता. लांबवर गाडीने गेलो तर चालेल का? इटालियन जेवण? वाइन? कार्डिऑलॉजिस्ट बाईंनी तिन्हींना हो म्हटलं, पण बेताने. तळलेलं एखाद्या वेळी, वाइन अर्धा ग्लास, आणि गाडी मधून मधून थांबवून पाय मोकळे करायचे.

इटालियनच का, तर ती आमची जुनी सवय. नवे नवे अमेरिकेत आलो तेव्हा आम्हा दोघा शाकाहाऱ्यांना बाहेर पोटभर मिळेल असं ते एकच जेवण सापडलं होतं. लसूण, टोमॅटो, वरून भुरभुरायला लाल मिरची. तेव्हापासून कुठल्याही गावी गेलं की आधी तिथलं इटालियन रेस्टॉरंट शोधायचं, नवऱ्याने मेन्यू मोठ्याने वाचायचा आणि खाताना त्यात काय कमी आहे ते सांगायचं. ते सांगण्यातच त्याची अर्धी मजा असायची, आणि माझी ते ऐकण्यात.

ऑपरेशननंतर हे सांगणं बंद झालं. तो जेवायचा, म्हणजे पुढ्यातलं संपवायचा. दुधीची भाजी, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, सगळं मापात. "अजून वाढू?" "नको." मी झाकण लावायची. तक्रार नाही, चेष्टा नाही. भाजीत मीठ नाही, एवढंसुद्धा म्हणायचा नाही. डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, अशा ऑपरेशननंतर काही जणांना उदास वाटतं, लक्ष ठेवा. मी ठेवत होते. हॉस्पिटलमधून माणूस सुखरूप घरी आला होता, त्याचे सगळे रिपोर्ट चांगले होते. पण मी ज्याच्याशी लग्न केलं होतं तो काही त्याच्याबरोबर परत आला नव्हता. तो येईल की नाही, हे कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नव्हतं.

पिस्कॅटवेच्या आमच्या घरून प्रॉव्हिडन्सला निघालो तेव्हा मी ड्राइव्ह करत होते. कनेटिकटमध्ये पोचलो तोवर बेलव्ह्यूला राहणाऱ्या लेकीचा फोन आला, स्पीकरवर घेतला.

"बाबा, एक्सायटेड?"

"हो."

"दॅट्स इट? आई, काय दिलंयस तू बाबांना?"

"दुधी," मी म्हटलं.

ती खो खो हसली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. झाडं लाल-पिवळी झाली होती, पण ती तो बघत होता असं वाटलं नाही.

प्रॉव्हिडन्सच्या इटालियन वस्तीत मी मुद्दाम चालत जाण्याच्या अंतरावरचं हॉटेल घेतलं होतं, म्हणजे दुपारी वाइन घेतली तरी गाडीचा प्रश्न नको. रेस्टॉरंट लहान होतं, सिसिलीकडच्या जेवणाचं. वाढायला एक साठीच्या बाई होत्या, चष्मा केसांत खोचलेला, सगळ्यांना 'हनी' म्हणणाऱ्या. मेन्यू मीच वाचला. वांग्याची आंबटगोड भाजी सांगितली, एक पास्ता दोघांत, लाल वाइनचा लहान जार, आणि सुरुवातीला पॅनेल्ले नावाचं काहीतरी, कारण बाई म्हणाल्या की त्यात मांस नाही, अंडं नाही, चीज नाही.

पॅनेल्ले आले. पिवळे, चौकोनी, पातळ, कडेने कुरकुरीत, बरोबर लिंबाची फोड. नवऱ्याने एक तोंडात घातला आणि चावायचा थांबला.

"हे कशाचं असतं, विचार ना," तो मला म्हणाला.

मी विचारलं. चण्याचं पीठ पाण्यात घोटत शिजवायचं, बाई म्हणाल्या, परातीत थापायचं, गार झालं की कापून तळायचं.

"पाटोडी," तो हळूच म्हणाला.

तो नागपूरचा, मी पुण्याची. "आमच्या थापीव वड्या," मी म्हटलं. एरवी यावर वाद झाला असता. आज त्याने नुसता आणखी एक खाल्ला, हात पुसले. बशीत दोन उरले होते. बाई आल्या, त्यांनी विचारलं, "ऑल सेट?" तो म्हणाला, "आय ॲम गुड, थँक यू." त्यांनी बशी उचलली. इथे असंच असतं. एकदा विचारतात, तुम्ही नाही म्हणालात की तुमच्या शब्दाचा मान ठेवून घेऊन जातात.

बशी स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईपर्यंत त्याचे डोळे तिच्यामागे गेले.

तेव्हा मला माझे सासरे आठवले. लग्नानंतर नागपूरला पहिल्यांदाच मी वाढायला उभी राहिले होते. सासऱ्यांना विचारलं, "भात वाढू?" ते म्हणाले, "नको." मी पातेलं घेऊन पुढे गेले. घरभर हशा पिकला. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पहिलं नको म्हणजे नको नसतं. पुण्याला एकदाच विचारतात काय?" मग त्या स्वतः भात घेऊन आल्या. सासऱ्यांनी "नको, नको" म्हणत ताटावर हात आडवा धरला, पण बोटं अशी फाकवून की वाढलेलं सगळं बरोबर खाली पडावं.

त्यांचा मुलगा माझ्यासमोर बसला होता.

"तुला हवे होते ना ते दोन?"

"नाही गं. ठीक आहे."

मी हात वर करून बाईंना बोलावलं आणि पॅनेल्ले परत मागवले. ताजे तळून आले.

"घे," मी म्हटलं.

"नको."

"एक घे रे."

"कशाला? तळलेलं आहे."

"डॉक्टरांना विचारलंय मी. एक घे, माझ्यासाठी."

"अगं, नको म्हटलं ना," तो म्हणाला, आणि आपल्या बशीवर हात आडवा धरला. बोटं फाकलेली होती. मी पॅनेल्ले वरून सोडला, तो त्याच्या बशीत पडला.

खाता खाता तो म्हणाला, "ऑपरेशन झाल्यापासून एकदा तरी म्हणालीस का, घे म्हणून?"

"तू नको म्हणायचास!"

"मग काय पहिल्या झटक्यात हो म्हणू? हावरट आहे का मी?"

"दुधीचा आग्रह कोण करतं रे?"

"करून तर बघायचं होतंस. खाल्ली असती. म्हणजे, थोडी."

मग त्याला पाटोडीबरोबरचा रस्सा आठवला. "पाटोडी कोरडी काहून खायची?" बाईंकडून वाटीभर टोमॅटोचा सॉस मागवला, त्यात लाल मिरची घातली, लसूण मागून घेतला, एक तुकडा बुडवून खाल्ला. "हिंग नाही. मोहरी नाही. एवढं सगळं बरोबर केलं आणि फोडणीच्या वेळी कुठे गेले हे लोक?" वांग्याची भाजी आली तर म्हणाला, "चांगली आहे, पण साखर घातलीये. तुझ्या माहेरचे इथे येऊन गेलेले दिसतात." पास्त्याबद्दल दोन तक्रारी होत्या. मी सगळ्या ऐकून घेतल्या. मध्येच मला डोळे पुसावे लागले, तर त्याने विचारलं, "तिखट लागलं?" मी हो म्हटलं.

एका जेवणाने सगळं ठीक होत नाही, हे मला कळतं. डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली नाही. पण हात धुऊन आल्यावर त्याने विचारलं, "उद्या कुठे जायचंय?" इतक्या महिन्यांत उद्याबद्दल त्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

त्याचा अर्धा ग्लास झाला होता. जारमध्ये थोडी वाइन उरली होती. त्याने जार उचलून माझ्या ग्लासावर धरला.

"घे."

"नको," मी म्हटलं, "पुरे मला."

त्याने जार खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघत तसाच धरून थांबला.