लाइन एंगेज होती

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि बहुतेक वेळा मनात हसतो. मी नेटवर्किंगचा माणूस. वायर, करंट, सिग्नल... याच्या पलीकडे काही असतं असं मला कधी वाटलं नाही. तरी हे लिहितोय. यात भीती कमी आणि लाज जास्त आहे, हे आधीच सांगतो.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, म्हणजे २००३-०४ची गोष्ट. मी साकोलीत कॉम्प्युटरची कामं करायचो. हायवेपासून दोन गल्ल्या आत मेश्राम गुरुजींचं घर — निवृत्त शिक्षक. त्यांच्या सूनबाई, वंदनावहिनी, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायच्या. पाच मशीन, एक मोडेम आणि घरातली एकच फोन लाइन. त्या एका डायल-अपवर पाचही मशीनना नेट मिळावं म्हणून राउटर बसवायला मला बोलावलं होतं.

तेव्हा गुरुजींच्या पत्नी, काकू, नागपूरला दवाखान्यात होत्या. मुलगी सुनंदाताई त्यांच्याजवळ. मोबाईल त्या घरात कुणाकडेच नव्हता. वहिनींनी मला आधीच बजावलं, "भाऊ, नेटचं काम नसलं तं लाइन मोकळी राह्यली पाहिजे. दवाखान्यातून फोन येऊ शकते."

"पाच मिनिटं कोणी वापरलं नाही, की राउटर स्वतःच फोन ठेवतो," मी म्हणालो.

सेटिंग तशी केलीही होती. पण दुपारी क्लास सुटला, वहिनी मुलीला शाळेतून आणायला गेल्या, आणि मी एकटाच उरलो. मी स्वतःसाठी सिनेमाची गाणी डाउनलोडला लावली. दोन गाण्यांच्या मध्ये लाइन तुटू नये म्हणून तो पाच मिनिटांचा टाइमआउट काढून टाकला.

थोड्या वेळानं गुरुजी दारात आले. "फोन चालू आहे ना, बाबू?"

"चालू आहे, गुरुजी."

एक गाणं यायला अर्धा-पाऊण तास लागायचा. मी बसून राहिलो. साडेतीनच्या सुमाराला आतून गुरुजींचा आवाज आला. "हो... जेवलो... तू काहून चिंता करतेस... बरं, ठेवतो मंग."

मी चमकलो. फोनची घंटी वाजलीच नव्हती. आणि मोडेम चालू असताना आतला रिसीव्हर उचलला तर कानात फक्त खरखर येते, वर नेट तुटतं. स्क्रीनवर गाणं मात्र येतच होतं.

आत डोकावलो. गुरुजींचा हात अजून रिसीव्हरवर होता. "तुझ्या काकूचा फोन होता," ते म्हणाले. "बरी आहे म्हणे. सुनंदानं केस विंचरून देल्ले."

म्हातारा माणूस, काळजीनं भास झाला असेल असं मला वाटलं. तरी राउटरचा लॉग, म्हणजे कनेक्शनची नोंद, उघडून पाहिली. पावणेदोनपासून कनेक्शन एकदाही तुटलं नव्हतं. मी घाईघाईनं लाइन कापली.

दहा मिनिटांत घंटी वाजली. सुनंदाताई होत्या. काकू साडेतीनला गेल्या होत्या.

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली, आणि गुरुजींचा मुलगा सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाला, "तू फोनच लावला नसशील. आईचा लागते, अन् तुझा लागत नाही?"

"दादा, मी दीड तास वॉर्ड अन् एसटीडी बूथ अशा चकरा मारून राहिली होती. एंगेजच येऊन राहिला होता. अन् आई तं उठूच शकत नव्हती."

"मंग बाबांशी कोण बोललं?"

सुनंदाताईंनी गुरुजींकडे पाहिलं. "केस मी विंचरले होते," एवढंच त्या हळू म्हणाल्या. "ते बाबाले कसं समजलं, मले नाही माहीत." कुणी विश्वास ठेवला नाही. वरून गुरुजींनी माझ्याकडे हात करून सांगितलं, "या पोरानं लाइन चालू ठेवली, म्हणून तरी आमचं बोलणं झालं."

माझ्या हातात ताट होतं. ताई खरं बोलतायत हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी खाली मान घालून वरण-भात कालवत राहिलो.

भावानं बहिणीशी बोलणं सोडलं. पुढं गुरुजीही गेले. गेल्या वर्षी साकोलीच्या बसस्टँडवर सुनंदाताई भेटल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. गाण्यांसकट. त्यांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"तवा काहून नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"आईचा आवाज तू आयकला होता?"

"नाही, ताई. फक्त गुरुजींचा."

त्यांनी पदरानं चेहरा पुसला. "मले नको सांगू आता. दादाले जाऊन सांग." आणि त्या नागपूरच्या गाडीत चढल्या.

दादा भंडाऱ्यात राहतात. त्यानंतर मी कामासाठी तीनदा भंडाऱ्याला गेलो आणि तिन्ही वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो. मोडेमनं धरलेल्या लाइनवर ते बोलणं कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. दादा पहिला प्रश्न तोच विचारतील, म्हणून जात नाही... असं मी स्वतःला सांगतो. ते खरं नाही, हेही मला माहीत आहे.