मामांनी वाढवून दिलेला चिखल

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. राहुरीला राहून बी.कॉम. केलं आणि नगरमध्ये पिकअप गाड्यांच्या एका शोरूममध्ये तात्पुरता म्हणून लागलो. या पिकअप कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या नव्हेत. चारही चाकांना ताकद, खडकावर चढणाऱ्या, ओढ्यातून धावणाऱ्या. रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम होतं, तिथेही तसलीच गाडी. आमची गाडी त्यांच्यापेक्षा सरस का, हे मी शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं होतं.

माझे वडील, अण्णा, एकदा शोरूम बघायला आले. गाडीभोवती फिरून म्हणाले, "माल किती बसतो?"

"माल भरायला कोणी घेत नाही ही."

"मग मागं हौदा कशाला ठिवलाय?"

मी साहेबांना विचारलं. साहेब पुण्याचे. म्हणाले, "लाइफस्टाइल आहे ती." हे अण्णांना कसं सांगावं, मला कळेना.

पुढे साहेबांनी ठरवलं की गिऱ्हाइकांना बोलावून गाडी चिखलातून चालवून दाखवायची. मला म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्याचे ना? चिखल तुमच्याकडे. एवढं नीट पार पडलं की तुम्हाला कायम करून टाकू."

कोल्हारजवळ प्रवरेच्या काठी मामांचं रान आहे. ऊस तुटून एक तुकडा मोकळा पडला होता. तिथे मी स्वतः दारं धरलं. लहानपणापासून उसाला पाणी भरलेलं, त्यामुळे अंदाज होता. घोट्याएवढा चिखल झाल्यावर मोटर बंद केली आणि नगरला परतलो. एसटीत सारखं वाटत होतं, यासाठी बी.कॉम. लागतं का? पण नोकरी कायम होणार होती.

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. आमची गाडी डरकाळी फोडून रानात शिरली आणि मध्यावर दारांपर्यंत रुतली. चाकं जागच्या जागी फिरत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "किती पाणी सोडलंत?"

मी तोंड उघडायच्या आत मामा हसत पुढे आले. "सायेब, भाच्यानं हात आखडताच घेतला हुता. मी म्हनलं, पाव्हन्यांचं काम हाय, कमी पडाय नको. सकाळी आजून पानी सोडलं."

पंगतीत आग्रहानं वाढल्यावर असतं तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला रागावताही येईना.

बांधावर पलीकडच्या शोरूमची गाडी उभी होती. आमचा कार्यक्रम बघायलाच ते लोक आले होते. त्यांचा ड्रायव्हर ओरडला, "दोर टाकू का, साहेब?"

साहेब नको म्हणाले. पण जमलेल्यांना मजा येत होती. "टाक की! आमाला बी बघू दे कोन कोनाला वढतंय!"

शेवटी दोर बांधला. त्यांची गाडी कोरड्या, कडक बांधावरच राहिली आणि तिथूनच आमची ओढून काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर शूटिंग केलं. त्यांची गाडी चिखलात उतरलीच नव्हती. मग नेमकं काय सिद्ध झालं? मी दोघातिघांना विचारलं. ते म्हणाले, "डोळ्यांनी बघितलं की राव!"

परतताना साहेब शांतपणे म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. तुमची चूक नाही, पण वर कुणाचं तरी नाव सांगावं लागतं." मी मान हलवली. पहिली नोकरी त्यांनीच दिली होती, त्यामुळे वाईट बोलवेना.

दोन दिवसांनी पलीकडच्या शोरूमच्या मॅनेजरांचा फोन आला. "तो चिखल तुम्ही केला होता ना? आमच्याकडे या. सरळ कायम करतो." चिखल निम्मा मामांचा आहे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. ते खूप हसले आणि म्हणाले, "सोमवारी या."

पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक आलं. "समोरच्यांपेक्षा तुमची गाडी कशात सरस आहे?" मॅनेजर शेजारीच उभे होते. या गाडीचं मला अजून काहीच पाठ नव्हतं. मग जे आधीचं पाठ होतं तेच तोंडातून आलं, शब्दाला शब्द, फक्त गाडीचं नाव बदलून. गिऱ्हाइकानं मान डोलावली, चकरेसाठी किल्ली मागितली. मॅनेजर म्हणाले, "छान समजावलंत."

मी त्यांचे मनापासून आभार मानले. गाडीचं दार उघडून गिऱ्हाइकाला आत बसवलं आणि पुन्हा तेच सांगू लागलो.