आपल्याच गावात छापतात ना नोटा

ये गं, अशी जवळ बसलीयस असं समजते आणि आधी तुझा कान धरते. परवा फोनवर मी सरकारच्या कर्जाची बातमी वाचून दाखवत होते, तर तू म्हणालीस, "मावशी, सरकारचं कर्ज सरकार बघेल, आपल्याला काय त्याचं?" अगं, नर्स झालीस ना तू? त्याच कर्जापायी तुझं शिक्षण अर्ध्यावर सुटणार होतं. कधी बोलले नाही, आज लिहूनच काढते.

नव्वदच्या दशकात मी पोस्टातल्या बचतीची एजंट होते. सातवीपर्यंत शिकलेली बाई, फॉर्म भरायला माझी मीच शिकले. सकाळी पंचवटीतल्या फुलबाजारात गजरेवाल्यांमधून फिरायचे. बायका कमरेची पिशवी सोडून ओलसर नोटा द्यायच्या, त्यांना झेंडूचा वास यायचा. तिथेच तुझी आई बसायची. तुझे वडील गेल्यावर कारखान्यातून मिळालेली सगळी रक्कम तिच्याजवळ होती आणि दिरांचा डोळा होता त्यावर. मी म्हटलं, "पोस्टात ठेव. महिन्याच्या महिन्याला व्याज येईल, पोरगी शिकेल."

"ताई, सरकारकडचा पैसा संपला तर?"

"संपेल कसा? नाशिकरोडला रोज नोटा छापतात, त्या काय प्रसाद म्हणून वाटायला?"

शेजारची खिदळली, "माझा भाचाच हाय की छापखान्यात. सांगते त्याला, हिच्यासाठी दोन जास्तीच्या काढ!"

त्या हसण्यावर तुझ्या आईने अंगठा उमटवला. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. छापखान्याचा भोंगा ऐकत संसार केला आपण. भोंगा वाजला म्हणजे सरकारकडे पैसा आला, एवढंच आपलं अर्थशास्त्र.

मुदत संपली तेव्हा तू नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस. रक्कम परत ठेवायला गेलो, तर व्याजाचा दर चांगलाच उतरलेला. नव्या व्याजात तुझं होस्टेल बसेना. तुझी आई विचारते, "ताई, छापखाना बंद पडला का?" टोमणा नव्हता तो, म्हणून जास्त लागला.

पुढच्याच आठवड्यात बचत खात्याच्या साहेबाने एजंटांची बैठक बोलावली होती. मी उभी राहिले. "साहेब, बायकांचं व्याज का कापलं?"

"बाई, तुम्ही गोळा करता ते पैसे सरकार कर्ज म्हणून वापरतं. खर्च मिळकतीपेक्षा जास्त. इतकं व्याज परवडत नाही."

"मग त्या पैशाचं केलं काय? धरणं? दवाखाने?"

"थोडं तिकडे. बरंचसं जुन्या कर्जाच्या व्याजात जातं."

"म्हणजे एकीचं घेऊन दुसरीला?"

"तसंच म्हणा."

"आणि हे फिटणार कधी?"

साहेब हसला. "तोवर आपण दोघंही नसू. तुम्ही उद्दिष्ट पूर्ण करा, यंदा बक्षीस मिक्सर आहे."

मिक्सर! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तुझ्या आईने आदल्या दिवशीचे पैसे चुकते केल्याशिवाय शेतकरी तिला फुलांच्या पाटीला हात लावू देत नव्हता. सरकारची पाटी कोण अडवणार? कर्ज काढूच नये असं मी म्हणत नाही. शाळा बांधा, कालवा काढा, पुढची पोरं वापरतील आणि फेडतील. पण आज खाऊन टाकायचं आणि बिल जन्माला न आलेल्या पोराच्या नावाने फाडायचं? आणि हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री कुणाला? बैठकीला जिला कुणी बोलवत नाही, त्या गजरेवालीला. साहेबाच्या गाडीचं डिझेल कमी झालेलं मी तरी पाहिलं नाही.

त्या वर्षीचं माझं कमिशन तुझ्या होस्टेलला गेलं. तुझ्या आईला सांगितलं, सरकारने फरक भरून दिला. तिने काय करावं? मोगऱ्याचा जाड हार ओवला आणि पोस्टाच्या खिडकीत नेऊन दिला! मी तिथेच उभी, दात-ओठ खात.

ती अजून बाजारात नव्या बायकांना सांगते, सरकार आपल्याला कमी पडू देत नाही. माझ्या थापेवर त्या बायका पैसे ठेवतायत, आणि कात्री पुन्हा लागली की त्यांच्या पोरांची फी भरायला माझ्याकडे कमिशनही नाही आता.

उपकार वगैरे बोलू नकोस. आईला घेऊन ये, याच रविवारी जमलं तर बघ. सांगायचं ते मी सांगेन, तू नुसती शेजारी बस.